खड्ड्याचा काठ

"मॅडम, मी नाही जाणार त्याच्यावरून," रुचिता म्हणाली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

वर्गाच्या मागच्या अर्ध्या भागात जमीन उघडी पडली होती. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर तिथे काही नव्हतं, आठच दिवसांपूर्वी अंथरलेलं हिरवं जाजम तेवढं होतं. पण हातातला टॅब समोर धरला की त्याच जाजमात मोठा चौकोनी खड्डा दिसायचा. वर काळी माती, तिच्याखाली पिवळट मुरूम, मग वाळूच्या दगडाचा जाड थर आणि अगदी तळाशी कोळशाचा काळा पट्टा. त्या पट्ट्यात बोगदे होते, बोगद्यांत दिवे लुकलुकत होते आणि मुंगीएवढी माणसं डोक्यावर टोप्या घालून इकडून तिकडे जात होती. टॅब घेऊन काठावर वाकलं की खोलवर दिसायचं.

"अवं, खोटं हाये ते!" कुणाल पिदुरकर ओरडला आणि टॅब डोळ्यांसमोर धरून त्याने खड्ड्यावरून उडी मारली. मग सगळ्यांनाच ऊत आला. कोणी खड्ड्यात पाय सोडून बसतंय, कोणी पडल्याचं सोंग करतंय. आठवीचा वर्ग माझ्या हाताबाहेर गेला होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. सहा वर्षं मी हाच धडा फळ्यावर आडव्या रेघा मारून शिकवला होता. त्यातलं एकही पोर इतकं जागं दिसलं नव्हतं.

रुचिता मात्र भिंत सोडीना. तिचे वडील, आत्राम, खाणीत खाली कामाला होते. मी तिला विचारलं, "तुझे बाबा रोज जातात ना तिथं? तुला बघायचं नाही, कसं असतं ते?"

"बाबा सांगतात, खाली गेल्यावर वरचं आठवायचं नाही," ती म्हणाली. "आन वर असताना खालचं."

मी तिला आग्रह केला नाही.

आमचं हिवरदरा म्हणजे कोळशाच्या खाणीभोवती वसलेलं गाव. एका बाजूला जुनी वस्ती, दुसऱ्या बाजूला खाणीची कॉलनी आणि दोन्हींच्या मध्ये शाळा. माझे यजमान दिवाकर खाणीच्या कार्यालयात सर्व्हेअर होते. खाली बोगदा कुठून कुठे गेला, कोळसा कुठला काढायचा, कुठला सोडायचा, याची मापं घेणं हे त्यांचं काम. लग्न होऊन मी तिथे आले आणि वर्षभरात शाळेत विज्ञान शिकवायला लागले.

टॅब आले ते गौरकार सरांमुळे. सर आमचे मुख्याध्यापक. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेला माणूस, पण नवीन काही दिसलं की त्यांचे डोळे लहान मुलासारखे व्हायचे. नागपूरच्या एका प्रदर्शनात त्यांनी हा प्रकार पाहिला आणि तिथून आल्यापासून त्यांना दुसरं काही सुचेना. पुढची दोन वर्षं त्यांनी अर्ज केले, कार्यालयांचे उंबरे झिजवले, आमदारांच्या घरी तिष्ठत बसले. शेवटी टॅबची पेटी आली तेव्हा ती त्यांनी स्वतः रिक्षातून उतरवली, बंडूभाऊ शिपायाला हात लावू दिला नाही.

बसवून द्यायला नागपूरहून अनुराग नावाचा तरुण आला होता. त्याने टॅब हातात धरून वर्गाला सावकाश फेरी मारली, भिंती, खिडक्या, कोपरे, छत, सगळं त्याला दाखवलं. "आता याला हा वर्ग ओळखीचा झाला," तो म्हणाला. "तुम्ही खड्डा जिथं ठेवाल तिथंच तो राहील. उद्या या, परवा या, टॅब भिंती बघून ओळखेल आणि खड्डा नेमका त्याच जागी दाखवेल."

आणि तसंच झालं. खड्ड्याचा काठ जाजमाला इतका बेमालूम चिकटलेला असायचा की मोठी माणसंही पाय टाकताना बिचकायची.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा मी तो धडा पुन्हा घेतला. पोरांनी टॅब उघडले आणि कुणाल म्हणाला, "मॅडम, खड्ड्याचा काठ वर आला."

"म्हणजे?"

"पाहा ना. मागच्या बाजूनं."

मी त्याच्या टॅबमध्ये पाहिलं. पुढच्या बाजूला खड्डा जाजमाला नीट चिकटलेला होता. पण मागच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात त्याचा काठ जमिनीपासून सुटून वर तरंगत होता. फार नाही, दोन बोटं. त्या फटीतून खालचं हिरवं जाजम दिसत होतं. मी दुसरा टॅब घेतला, तिसरा घेतला. सगळ्यांत तेच.

अनुरागला फोन केला. तो हसला. "होतं असं कधी कधी. उजेड बदलला की त्याचा गोंधळ होतो. पुन्हा एकदा वर्ग फिरून दाखवा त्याला."

मी वर्ग फिरून दाखवला. काठ खाली बसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

काही दिवसांनी तो पुन्हा वर आला. त्याच कोपऱ्यात. उजेडामुळे होत असेल तर कधी या बाजूला व्हावं, कधी त्या. पण काठ दरवेळी खिडकीकडचाच उचलला जायचा, आणि आधीपेक्षा थोडा जास्त. मी पुन्हा वर्ग फिरवला. पुन्हा नीट झालं. पुन्हा बिघडलं.

त्याच सुमारास अंगणातला हातपंप खाकरायला लागला. दांडा मारला की पाण्याऐवजी आतून हवा यायची, घशात काही अडकल्यासारखी. बंडूभाऊ म्हणाला, "वायसर गेलं असन." त्याने वायसर बदललं. पंप तसाच राहिला. मग वर्गाचं दार घासायला लागलं. आधी नुसतं करकरायचं, मग खांदा लावून उघडावं लागायला लागलं. थंडीत लाकूड फुगत नाही हे मला ठाऊक होतं. पण शाळा म्हटली की असं काही ना काही चालूच असतं. बंडूभाऊने दाराची खालची कड रंध्याने तासली आणि विषय संपला.

एकदा पोरं घरी गेल्यावर मी एकटीच वर्गात थांबले. टॅब बाजूला ठेवला, मागच्या कोपऱ्यात गेले आणि जाजमाची कड उचलून पाहिली.

खालच्या शहाबादी फरशीचा सांधा उघडला होता. बोट जाईल एवढी फट, खिडकीपासून वर्गाच्या मध्यापर्यंत वाकडीतिकडी गेलेली. मी गुडघ्यावर बसून वाकले. आतून अगदी हलकी हवा येत होती. तिला एक वास होता, ओला, जुनाट, लोखंडासारखा. तो वास मला ओळखीचा होता, पण कुठला ते चटकन आठवेना. मी जाजम पुन्हा अंथरलं आणि हात झटकले.

गौरकार सरांना बोलावून फट दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "काळी माती आहे मॅडम. पावसाळा सरला की आक्रसते. माझ्या घरी तर भिंतीत हात जातो."

"पण सर, टॅबमध्ये काठ वर येतो तो याच कोपऱ्यात."

"यंत्र आहे ते. त्याला काय कळतं?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, शुक्रवारी पुण्याहून शिक्षण खात्याच्या बाई येणार आहेत. आपला वर्ग त्यांना पसंत पडला तर जिल्हाभर असे वर्ग होतील. चार शाळांचे मास्तर बघायला येताहेत. एवढं पार पडू द्या. मग मी सगळी फरशी उखडून नवीन घालतो. शब्द देतो तुम्हाला."

त्यांचा शब्द खोटा नव्हता. त्यांनी ती फरशी घातलीच असती.

गुरुवारी संध्याकाळी हे कामावरून आले. नेहमीप्रमाणे दारातच बूट काढले, अंगातला शर्ट काढून बादलीत टाकला. मी ती बादली मोरीत न्यायला उचलली आणि तशीच उभी राहिले. शर्टाला तोच वास येत होता.

जेवायला बसलो तेव्हा मी सहज सांगावं तसं सांगितलं. काठ वर येतो, फट पडली आहे, आतून हवा येते.

यांचा घास हातातच राहिला. "कोणता कोपरा?"

"मागचा. खिडकीकडचा."

"म्हणजे पिंपळाकडचा?"

"हो."

यांनी घास ताटात ठेवला. मग उठले, हात धुतले आणि पाठमोरेच म्हणाले, "उद्यापासून त्या वर्गात पोरं बसवू नकोस."

"का?"

"नको म्हणतो ना, रजनी."

"उद्या पुण्याच्या बाई येणार आहेत. सगळा वर्ग भरलेला असेल, वर पाहुणे. मी काय कारण सांगू?"

"काहीही सांग. वायरिंग बिघडलं म्हण."

"अहो, पण झालंय काय?"

हे खाटेवर बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण या माणसाचा आवाज असा कोरडा झालेला मी कधी ऐकला नव्हता. "शाळेखालचा कोळसा काढायचा नसतो. वर इमारत असली की खाली कोळशाचेच खांब सोडायचे, असा नियम आहे. नकाशावर तिथे खांब सोडलेले आहेत."

"आणि खाली?"

यांनी उठून खिडकी लावून घेतली.

"अहो, खाली काय आहे?"

"खाली काढलाय. मी येण्याच्या आधीच काढला होता. उन्हाळ्यात तो भाग कायमचा बंद करायचा होता म्हणून मी शेवटची मापं घ्यायला गेलो, तेव्हा दिसलं. खांब होते, पण पोखरलेले. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, वीस वर्षं काही झालं नाही, आता काय होणार? मग तो भाग बंद केला आणि तिकडचे पाणी उपसायचे पंपही बंद केले. आता तिथं पाणी भरत असेल." यांनी तोंडावरून हात फिरवला. "पाण्यात खांब मऊ होतात."

मी उभीच होते. टॅबमध्ये दिसणारे ते लुकलुकते दिवे, ते बोगदे माझ्या डोळ्यांपुढे आले. काठ वर येत नव्हता. जमीन खाली जात होती. पोरांच्या टॅबला भिंतींची ओळख होती आणि तो इमानाने जुन्या जागीच खड्डा दाखवत राहिला होता. मी मात्र दरवेळी वर्गाभोवती फेरी मारून त्याला नवी जमीन शिकवत होते.

"आत्ता चला गौरकार सरांकडे," मी म्हटलं.

"मी सांगितलं असं कळलं तर माझी नोकरी राहील का? हे घर कंपनीचं आहे. सकाळी साहेबांना भेटतो. त्यांच्याकडून शाळेला फोन करायला लावतो. कार्यक्रमाच्या आधी, अकराच्या आत करायला लावतो. तोवर तू काही बोलू नकोस."

सकाळी हे न खाताच बाहेर पडले. मी शाळेत पोचले तेव्हा दारात रांगोळी काढून झाली होती. गौरकार सरांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते बंडूभाऊला हार कुठे ठेवायचे ते सांगत होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"सर, कार्यक्रम मैदानात घेऊ. वर्गात नको."

"मैदानात?" ते हसले. "टॅबला वर्ग ओळखीचा आहे, मैदान नाही. तुम्हीच तर शिकवलंत मला."

"सर, त्या वर्गाखालची जमीन खचते आहे."

"कोण म्हणतं?"

यांचं नाव माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं. "टॅबमध्ये दिसतंय," मी म्हटलं.

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "डाहुले मॅडम, धास्ती वाटत असेल तर तसं सांगा. पाहुण्यांसमोर बोलायची धास्ती सगळ्यांना वाटते. धडा मी घेतो."

"नाही सर. मी घेते," मी म्हटलं. मी त्या वर्गात असायलाच हवं होतं. ऑफिसातल्या फोनकडे मी पाहिलं. तो वाजला नव्हता.

पुण्याच्या बाई आल्या. मऊ बोलणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या. चार शाळांचे मास्तर मागच्या भिंतीला ओळीने उभे राहिले, बरोबर त्या कोपऱ्यात. इतर वर्गांची पोरं डोकावत होती म्हणून बंडूभाऊने बाहेरून दार ओढून घेतलं. ते बसताना इतकं जोरात करकरलं की बाई दचकल्या.

मी टॅब उचलला. पोरांनी आपापले टॅब उचलले. खड्डा उघडला.

आदल्या दिवशीच मी काठ बसवून ठेवला होता. आता मागच्या बाजूला तो जमिनीपासून चार बोटं वर होता.

"हे फारच छान आहे," बाई काठाकडे बघत म्हणाल्या. "असा उचललेला दाखवलाय तो मुद्दाम का?"

मी उत्तर देणार होते. पण त्या फटीकडे बघत असतानाच ती रुंद झाली. अगदी सावकाश. जाजमावरच्या फुलांची एक ओळ काठाखाली लपलेली होती, ती हळूच बाहेर आली. मग दुसरी ओळ. वर्गात कसलाही आवाज नव्हता. भिंत तडकली नाही, छतातून काही पडलं नाही. फक्त टॅबमध्ये ती फुलं एकेक ओळीने उघडी पडत होती.

रुचिता भिंतीजवळ उभी होती. तिच्याही हातात टॅब होता. तिने माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही.

"आता धड्याचा दुसरा भाग," मी म्हटलं. "तो आपण मैदानात करायचा. टॅब खाली ठेवा. रांग करा. पुढची ओळ आधी. पळायचं नाही. पाहुण्यांनीही यायचं आहे, चला."

"हे काय?" गौरकार सर कुजबुजले. "हे ठरलेलं नव्हतं."

"सर, दार उघडा."

त्यांनी नाइलाजाने कडी धरून दार ओढलं. ते उघडेना. पुन्हा ओढलं. मागचे दोन मास्तर पुढे झाले, त्यांनीही ओढून पाहिलं. चौकट दाराला चावून बसली होती. पोरं अजून हसत होती, त्यांना तो खेळाचाच भाग वाटत होता. खिडक्यांना लोखंडी गज होते.

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी धडक दिली. एकदा, दोनदा. तिसऱ्या धडकेला वरचं बिजागर सुटलं आणि दार तिरपं होऊन आत झुकलं. दारात हे उभे होते. शर्ट खांद्यावर फाटला होता, श्वास लागला होता.

"शाळा रिकामी करा," हे ओरडले. मग सगळ्यांकडे बघून, शब्दन् शब्द तोडून म्हणाले, "खाली पोकळ आहे. मी खाणीचा सर्व्हेअर आहे. मला माहीत होतं. बाहेर व्हा!"

यांच्या साहेबांनी तो फोन केलाच नव्हता, हे मला नंतर कळलं. यांना केबिनबाहेर बसवून ठेवलं होतं. तिथून उठून हे पळत आले होते.

पोरं बाहेर पडायला लागली. यांनी बंडूभाऊला घंटा द्यायला सांगितली आणि सगळे वर्ग मैदानात आले. यांनी सर्वांना पार पलीकडे, रस्त्याच्या कडेला नेऊन उभं केलं. मी आठवीची हजेरी घेतली. सगळे होते. रुचिताने माझा पदर धरला होता.

आणि मग काहीच झालं नाही.

ऊन चढलं. शाळा समोर तशीच उभी, दारातली रांगोळी तशीच. पिंपळावर साळुंक्या भांडत होत्या. लहान पोरं कंटाळून मातीत रेघोट्या ओढायला लागली. एक मास्तर दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. पुण्याच्या बाईंनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग नजर वळवली.

गौरकार सर एकटे पुढे उभे होते. त्यांचा पांढरा शर्ट पाठीवर घामाने चिकटला होता. ते माझ्याजवळ आले. "दोन वर्षं, मॅडम," एवढंच म्हणाले. मग यांच्याकडे वळले. "डाहुले साहेब, कुठाय तुमची पोकळी?"

"सर, संध्याकाळपर्यंत थांबा. मी हात जोडतो."

"संध्याकाळपर्यंत बाई थांबतील का? आणि टॅब आत पडलेत सगळे. दार मोडलंय. गेला एखादा तर जबाबदारी कोणाची?" त्यांनी बाह्या वर केल्या. "मी घेऊन येतो. बघा तुम्ही, काही होत नाही."

हे त्यांच्या आडवे झाले. सरांनी यांचा हात बाजूला केला, रागाने नव्हे, वर्गात एखाद्या वांड पोराचा करावा तसा. हे त्यांच्यामागे निघाले तशी मी यांचा फाटका शर्ट घट्ट धरला. मी तो सोडला नाही.

सर रांगोळी चुकवून आत गेले. गजांच्या खिडकीतून ते आम्हाला दिसत होते. वाकून एकेक टॅब उचलत होते, पोटाशी धरून त्यांची चळत करत होते. शेवटचा टॅब अजून चालू असावा, कारण त्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला. त्यांनी तो उचलला, सवयीने समोर धरला आणि खाली जमिनीकडे पाहिलं.

ते तसेच थबकले. आमच्यापासून इतक्या लांबूनही मला त्यांचा चेहरा दिसला. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. त्यांनी मान वर केली, खिडकीतून सरळ आमच्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं. मग ते दाराकडे वळले.

आवाज फार मोठा झाला नाही. खोल विहिरीत पोतं टाकावं तसा आवाज, आणि पायाखालून गेलेली एक लाट. मागची भिंत आधी आत गेली. मग फरशी, मग छत, कोणी खालून ओढून घेतल्यासारखं. धूळ वर आली आणि पिंपळावरच्या साळुंक्या एकदम उडाल्या. धूळ बसली तेव्हा वर्गाच्या जागी काळं भोक होतं आणि त्यात पिंपळाची मुळं लोंबत होती.

कोणी ओरडलं नाही. हे मातीत गुडघ्यावर बसले होते.

सरांना वर काढायला तिसरा दिवस उजाडला. आत पाणी होतं. खाली उतरणाऱ्यांत रुचिताचे वडीलही होते. ते वर आले तेव्हा मी त्यांना काही विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही.

चौकशी झाली. यांनी सगळं सांगितलं, साहेबांच्या समोर बसून सांगितलं. चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, "उन्हाळ्यापासून माहीत होतं, तर गप्प का राहिलात?"

यांनी समोरचा कागद बाजूला सरकवला. मग म्हणाले, "माझी बदली होईपर्यंत टिकेल, असं वाटलं."

मी मागच्या खुर्चीवर होते. ते वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

साहेबांवर खटला चालला, अजूनही कुठे तरी चालू आहे म्हणतात. यांची नोकरी गेली. कॉलनीतलं घर सोडावं लागलं. आम्ही गावातच एका खोलीत राहिलो. शेजारपाजारचे लोक माझ्याशी बोलायचे, यांच्याशी नाही. पुढे हे यवतमाळकडे रस्त्यांच्या मोजणीच्या कामावर जायला लागले. महिन्याने घरी यायचे. आले की अंगणात खाट टाकून झोपायचे, थंडीतसुद्धा. आमच्यात त्या वाक्याबद्दल कधी बोलणं झालं नाही.

गौरकार सरांच्या पत्नीला मी भेटायला गेले होते. त्यांनी मला चहा दिला. टॅबचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळे आतच गेले. त्या म्हणाल्या, "बरं झालं." आणि मग पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

शाळा महिनाभराने पुन्हा भरली. गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे खाली कधीच खोदलेलं नाही असं तीन वेगवेगळ्या माणसांनी लिहून दिलं होतं, तिथे पत्र्याच्या शेड उभ्या केल्या होत्या. नवीन सतरंज्या अंथरल्या होत्या. फळा भिंतीला टेकवून ठेवला होता.

मी आत गेले. आठवीची पोरं उभी राहिली. "नमस्ते मॅडम," सगळे एका सुरात म्हणाले.

"नमस्ते. बसा," मी म्हटलं.

कोणी बसेना.

कुणाल पायाखालच्या सतरंजीकडे बघत होता. रुचिताने दोन्ही पाय जवळ घेतले होते, पायांखाली कमीत कमी जमीन यावी तसे. शेवटच्या ओळीतली दोन पोरं हळूहळू सरकत दारापाशी आली होती. पत्र्यावर वारा वाजत होता आणि सगळा वर्ग कान देऊन काहीतरी ऐकत होता.

मी दुसऱ्यांदा बसा म्हटलं नाही. माझी खुर्ची मी बाहेर नेऊन ठेवली, शेडचं दार सताड उघडं ठेवलं आणि खडू हातात घेतला. त्या दिवशीचा सगळा तास आम्ही उभ्यानेच घेतला.